न नांगरलेल्या भुईचे देणे

काल घरोघरी गणराय विराजमान झाले. उकडीच्या मोदकांचा दरवळ अजून माजघरात रेंगाळतो आहे, देव्हाऱ्यापाशी दूर्वांच्या जुड्या अजून टवटवीत आहेत, आणि आज, भाद्रपद शुद्ध पंचमीच्या सकाळी, त्याच स्वयंपाकघराचे रूप मात्र पार पालटले आहे. आज कणकेचा डबा उघडायचा नाही. आंबेमोहोराला हात लावायचा नाही. कालच्या पक्वान्नांच्या जागी आज चुलीवर एकच एक मोठे पातेले चढणार, आणि त्यात ज्या भुईला बैलाच्या नांगराचा फाळ लागलेला नाही तिने आपण होऊन दिलेले पान, देठ, कंद आणि फळ एकत्र शिजणार. हीच ऋषिपंचमीची भाजी. कोकणात कोठे कोठे हिला कंदमुळाची भाजी असेही म्हणतात.

सणांच्या आपल्या पंगतीत ही भाजी तशी अबोल आहे. तिला पुरणपोळीचा मान नाही की मोदकाचे कौतुक नाही. तिला फोडणी नाही, मसाला नाही, मीठसुद्धा सैंधव. पण आम्हांला असे वाटत आले आहे की, आपल्या वर्षभराच्या स्वयंपाकात अरण्याशी असलेले जुने नाते जर कोठे शिल्लक राहिले असेल, तर ते या एका पातेल्यात. म्हणूनच आजच्या दिवशी या भाजीची थोडी विचारपूस करावी असे मनात आले.

ऋषींचे अन्न

आजचा दिवस कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींच्या पूजेचा. त्यांच्यासमवेत अरुंधतीचीही पूजा होते. आघाड्याच्या काडीने दात घासून, स्नान करून, पाटावर सप्तर्षींची स्थापना करायची आणि त्यांना जे रुचे तेच आपणही ग्रहण करायचे, असा या व्रताचा साधा सरळ भाव आहे.

ऋषींना काय रुचत असे? आपल्या धर्मग्रंथांनी याचे उत्तर नेमके दिले आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचे नियम आले आहेत. नांगरलेल्या जमिनीत उगवलेले अन्न, मग ते कोणी टाकून दिलेले का असेना, वनवासी मुनीने खाऊ नये, असे तेथे सांगितले आहे. मध, मांस आणि भुईतून उगवणारी कवके, म्हणजे आपल्या बोलीतली अळंबी, हीही त्याला वर्ज्य आहेत. नांगराच्या फाळाने जे पिकले ते 'फालकृष्ट'. आणि जे आपोआप उगवले, आपोआप पिकले, ते मुन्यन्न.

या मुन्यन्नात अग्रमान नीवाराचा. नीवार म्हणजे पाणथळ जागी, तळ्याच्या काठी आपोआप उगवणारे रानटी भात. त्यालाच आपल्याकडे देवभात म्हणतात. याची एक गंमत अशी की, दाणा पिकला की तो लोंबीवर थांबत नाही, गळून पडतो. शेतातले भात कापणीची वाट पाहत उभे राहते, कारण हजारो वर्षे माणसाने तशी निवड करून ते वाढवले. देवभात मात्र कोणाची वाट पाहत नाही. ज्याला ते हवे असेल त्याने वेळेवर चिखलात उतरावे, ओंब्या टोपलीत झटकून घ्याव्यात आणि उरलेले पाखरांना व मातीला सोडावे.

कालिदासाने हा नीवार किती प्रेमाने पाहिला होता! शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत राजा हरणामागे धावत येतो, तपस्वी त्याला बाण आवरायला सांगतात, आणि पुढे तपोवन जवळ आल्याची खूण राजाला पटते ती झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. पोपटांच्या ढोलींतून ते खाली पडलेले असतात. रघुवंशात तर वसिष्ठांच्या आश्रमातली हरणे आपला नीवाराचा वाटा घेण्यासाठी लेकरांसारखी पर्णकुटींची दारे अडवून उभी राहतात. अरण्यातून अन्न मिळवण्याचे दोन मार्ग येथे समोरासमोर उभे आहेत. राजा अरण्यात शिरतो तो मृगयेसाठी. ऋषी त्याच अरण्यात राहतो, त्याच हरणाला आपल्या घासातला घास देतो. जगात अनेक ठिकाणी रानातली शिकार आणि रानातला पाला एकाच भांड्यात शिजतो, आणि ज्यांचे जगणेच रानावर अवलंबून होते त्यांना त्याबद्दल बोल लावण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु आजच्या व्रताने निवडलेले पातेले ऋषींचे आहे, राजाचे नव्हे.

कहाणीतला बैल

मग बैलाचा संबंध येथे कोठे आला? त्यासाठी आपल्या आज्यापणज्या हातात अक्षता घेऊन ऐकत आल्या ती ऋषिपंचमीची कहाणी आठवावी लागते.

एका शेतकरी ब्राह्मणाचे आईवडील मरणानंतर त्याच्याच दारी परत आले. बाप बैल होऊन आला, आई कुत्री होऊन आली. मुलाला याची गंधवार्ता नव्हती. श्राद्धाच्या दिवशी खिरीच्या भांड्यात सर्पाने गरळ टाकलेले त्या कुत्रीने पाहिले. ब्राह्मण जेवून मरतील आणि पाप लेकाच्या माथी येईल, म्हणून तिने भांड्याला तोंड लावले. सुनेला काय ठाऊक? तिने जळत्या कोलिताने तिला मारले. रात्री गोठ्यात कुत्री कण्हत बैलापाशी आपले दुःख सांगू लागली, तेव्हा बैल म्हणाला की, आज मलाही दिवसभर नांगराला जुंपले, तोंड बांधले, मारले; ज्याच्यासाठी सारे करायचे तोच आपल्याला ओळखत नाही. मुलाने हे बोलणे ऐकले. तो व्याकूळ होऊन रानात ऋषींकडे गेला, आणि ऋषींनी त्याला हे व्रत सांगितले. बैलाच्या श्रमाचे काही खाऊ नये, ही त्यातली मुख्य अट.

कहाणीत या जन्मांमागे विटाळ न पाळल्याचा दोष सांगितला आहे. त्याविषयी आज पुष्कळ घरांत वेगळा विचार होतो, आणि तो होणे योग्यच आहे. परंतु त्यामुळे कहाणीचे काळीज हरवत नाही. जो आपल्यासाठी राबतो त्याला आपण ओळखत नाही, ही त्या गोठ्यातली खंत आजही तितकीच खरी आहे. देशावर बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला पोळा होतो. बैलाची शिंगे रंगतात, त्याला पुरणपोळीचा घास मिळतो. त्यानंतर पाचव्याच दिवशी येते ऋषिपंचमी. पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो. आज आपण त्याच्या कष्टाचा घास स्वतःहून दूर ठेवतो. ओवाळण्यापेक्षा हे किंचित अवघड आहे. म्हणूनच ते व्रत.

परसातले आणि रानातले

या भाजीत किती जिनसा असाव्यात याविषयी घरोघरी वेगवेगळी रीत आहे. कोठे सप्तर्षींच्या सात, कोठे गणरायाच्या एकवीस. साधारणपणे अळूची पाने व देठ, लाल माठाचे जाड देठ, सुरण, लाल भोपळा, शिराळे, पडवळ, भेंडी, कच्ची केळी, मक्याची कणसे, आंबटपणासाठी अंबाडे, आणि वर ओले खोबरे व हिरवी मिरची. चाणाक्ष गृहिणींच्या ध्यानात येईल की, यांतले मका, लाल भोपळा आणि मिरची हे तिघे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतर, सोळाव्या शतकापासून पुढे ते आपल्याकडे आले. एकाही ऋषीने मक्याचे कणीस पाहिलेले नव्हते! तरीही ते या पातेल्यात सुखाने नांदतात. कारण परसात कुदळीने खड्डा करून बी टोचले, कुंपणावर वेल चढवला, बैलाला त्रास दिला नाही, एवढे या व्रताला पुरते. आपल्या परंपरेचे दार वाटते तितके अरुंद कधीच नव्हते.

पण परस झाले तरी ते माणसाच्या हातचे. या भाजीचा खरा जीव रानातल्या जिनसांत आहे. काटेरी अंगाची पण चवीला मधुर अशी करटुली, कुर्डूचा कोवळा पाला, ओढ्याकाठचा केना, कड्याकपारीत उगवणारी तेऱ्याची पाने, ओलसर जागी पसरणारी घोळ. प्रत्येकीचा काळ ठरलेला. शेवळे पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून डोके वर काढतात आणि बघता बघता दिसेनाशी होतात. टाकळा आषाढात कोवळा असतो. भाद्रपदात तो पिवळ्या फुलांवर येतो, तेव्हा त्याची भाजी करणारा फसतो. रानाचे पंचांग पाठ असल्यावाचून रानातली भाजी करता येत नाही.

आमच्या आजीला ते पाठ होते. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी ती परडी घेऊन घरामागच्या टेकाडाकडे जाई आणि तासाभरात परडी भरून येई. आम्ही मुले मागून चालत असू, फुलपाखरे धरीत. ती पान दाखवी, नाव सांगी, आम्ही 'हो' म्हणत असू. ती गेल्यानंतरच्या पहिल्या ऋषिपंचमीला त्याच टेकाडावर उभे राहून आम्ही पाहिले, तर आम्हांला ओळखता आली अवघी पाच पाने. बाकीचा सारा हिरवा पसारा परका झाला होता. आजीचे दागिने आम्ही मोजून वाटून घेतले होते. ही ठेव मात्र कोणीच मागितली नव्हती.

बाजारातली गुरुमाउली

तेव्हापासून आम्ही दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवसांत कर्जतच्या बाजारात जाऊ लागलो. तेथे ठाकर आणि कातकरी भगिनी पहाटे डोंगर उतरून येतात, सागाच्या पानांवर वाटे मांडून बसतात. पहिल्या वर्षी अशाच एका वयस्क बाईंपुढे आम्ही तेऱ्याच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करीत होतो. त्यांनी मुकाट्याने पैसे कमी केले आणि मग विचारले, "ताई, ही शिजवायची कशी, ठाऊक हाय ना? आंबट घालायला इसरू नका. अर्धीकच्ची ऱ्हायली तर घसा धरंल." आम्ही पाच रुपये वाचवले होते आणि त्यांनी आमचा सण वाचवला होता. लाज वाटली. आम्ही ते पैसे परत त्यांच्या हाती ठेवले, आणि मांडी घालून तेथेच बसलो. अर्ध्या तासात त्यांनी आम्हांला आजीच्या परडीतली निम्मी पाने पुन्हा ओळखीची करून दिली.

निघताना आम्ही विचारले, "इतका पाला रोज काढता, मग रानात उरतो का?" त्या हसल्या. "समदं वरबाडलं तर म्होरल्या साली काय खायाचं? शेंडा खुडायचा, मूळ ऱ्हाऊ द्यायचं. कांदा मोठा असंल तर घ्यायचा, पिल्लं तिथंच पुरायची." मनुस्मृतीचा सहावा अध्याय त्यांनी वाचलेला नव्हता. पण मुन्यन्नाचा आचार त्या रोज पाळीत होत्या.

आज शहरांत ऋषिपंचमीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. धावपळीच्या संसारात ती सोय आहे, आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा उद्देश नाही. परंतु त्या वाट्यातले बहुतेक सारे मळ्यातले, नांगरलेल्या जमिनीतले असते. कोणी म्हणेल, हल्ली नांगर ट्रॅक्टरने चालतो, बैलाचा श्रम कोठे आहे? अक्षराने हे खरे आहे. पण गोठाच रिकामा होत चालला असताना बैलाला आज विश्रांती दिली असे म्हणण्यात कसले समाधान? व्रताचा भाव जपायचा तर आजच्या पातेल्यात निदान एक जिन्नस तरी न पेरता उगवलेली असावी, आणि ती जिच्या हातून आली तिची ओळख असावी, तिला योग्य मोल मिळालेले असावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसारख्या गौण वनोपजावर वनवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला आहे. अलीकडच्या वर्षांत कृषी विभागानेही जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाज्यांचे महोत्सव भरवले. पण त्या बाईंच्या श्रमाचे मोल शेवटी आपल्या पिशवीपाशीच ठरते. कहाणीतल्या मुलाने गोठ्यातला आवाज ऐकला. आपण बाजारातला ऐकावा.

गोव्यातल्या आपल्या बांधवांनी ही ओळख फार देखण्या रीतीने जपली आहे. तेथे चवथीला गणपतीच्या मस्तकावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, फुले व वेली बांधतात. हीच माटोळी. नारळ-सुपारीच्या जोडीला तोरिंग, कांगलां, घागऱ्या असा सारा रानमेवा तिथे लोंबत असतो. माटोळी बांधताना मुले विचारतात, "हे काय?" आणि मोठे सांगतात. तेथे कला व संस्कृती खात्याकडून माटोळीच्या स्पर्धाही होतात. एखादे घर दर वर्षी नवनवी रानफळे शोधून आणते, तेव्हा ते गणरायाची पूजा तर करतेच, शिवाय आपल्या डोंगराची हजेरीही घेते.

भाजीची रीत

आता प्रत्यक्ष पाकसिद्धीकडे वळू. सहा ते आठ माणसांसाठी अळूची ८-१० पाने देठांसह, तेऱ्याची मिळाल्यास ४-५ पाने, माठाचे ५-६ देठ, पाव किलो सुरण, पाव किलो लाल भोपळा, एक शिराळे, एक लहान पडवळ, ८ भेंड्या, एक कच्चे केळे, २ कणसे, ६-७ करटुली, ओंजळभर कुर्डूचा किंवा माठाचा पाला, ५-६ अंबाडे, एक वाटी ओले खोबरे, ४-५ हिरव्या मिरच्या आणि चवीपुरते सैंधव एवढे साहित्य घ्यावे. अंबाडे न मिळाल्यास चिंचेचा कोळ चालतो.

सुरण आणि अळू चिरण्यापूर्वी हाताला चिंचेचा कोळ चोळावा. या वनस्पतींत सुईसारखे सूक्ष्म क्षार असतात. तेच कातडीला आणि घशाला टोचतात. आंबटाने आणि भरपूर शिजवण्याने त्यांची खाज मोडते. म्हणून सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात एक उकळी देऊन ते पाणी टाकून द्यावे. मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळून त्यात आधी सुरण, अळू व तेऱ्याची चिरलेली पाने, सोललेले देठ, कणसांचे तुकडे आणि ठेचलेले अंबाडे घालावेत. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. झाकणावरच्या पाण्याने आतली वाफ आतच थिजून खाली ठिबकते, भाजी करपत नाही, आणि रस कमी पडला तर तेच गरम पाणी कामी येते.

वीस मिनिटांनी भोपळा, केळे, पडवळ, शिराळे, करटुली घालावी. ती निम्मी शिजली की भेंडी आणि कोवळा पाला. सारे मऊ झाले, पण भोपळ्याची फोड अजून उभी आहे, अशा वेळी सैंधव, ठेचलेली मिरची आणि खोबरे घालून एक वाफ आणावी. तेल नाही, फोडणी नाही, हळदसुद्धा नाही. प्रथम खाणाऱ्याला ही भाजी फिकी वाटेल. दुसऱ्या घासाला तिच्यातला कणसाचा गोडवा, अंबाड्याचा आंबटपणा आणि करटुल्याची रानटी चव वेगवेगळी बोलू लागते. सोबत देवभात मिळाला तर उत्तम, नाहीतर वरीचे तांदूळ. एका वाटीला अडीच वाट्या पाणी पुरते.

एक इशारा मात्र अगत्याचा. ओळख पटल्याखेरीज रानातले काहीही पातेल्यात घालू नये. याच दिवसांत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले मिरवणारी कळलावी फुललेली असते. ती दिसायला जितकी देखणी, तितकाच तिचा कंद प्राणघातक. कंदमूळ समजून तो खाल्ल्याने जीव गमवावा लागतो. पुस्तकातल्या चित्रावर विसंबू नये. जाणत्या व्यक्तीने हाती दिलेलेच पान घ्यावे. विद्या गुरुमुखातून घ्यावी हा ऋषींचा नियम येथे शब्दशः लागू आहे.

आज मध्याह्नी पूजा आटोपली की हे पातेले पाटावरच्या सप्तर्षींपुढे ठेवा. मुलांना जवळ बोलवा. पातेल्यातल्या प्रत्येक जिनसेचे नाव त्यांना विचारा. चुकले तर सांगा, आणि आपल्यालाही येत नसेल तर पुढच्या वर्षी बाजारात त्या माउलीपुढे मांडी घालून बसा. आमच्या घरी गेल्या वर्षी धाकटीने अकरा नावे बिनचूक सांगितली. आजीच्या एकवीसांपर्यंत अजून दहा उरली आहेत.